बोंबील, थंडी आणि आजीचा प्रश्न

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, आजचं लिखाण सुक्या मासळीवर आहे. ज्यांना त्या वासाची आठवणही नको वाटते त्यांनी इथूनच परत फिरावं. आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे परत फिरतील आणि उरलेले निम्मे गुपचूप वाचतील. आमच्या घरात हे असंच चालत आलंय.

त्याचं काय झालं, परवा हिवरखेडला गेलो होतो. आमचं हिवरखेड म्हणजे अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरून असा काही गारठा उतरतो की सकाळी नऊपर्यंत माणसं शेकोटी सोडत नाहीत. बाजाराचा दिवस होता. वांगी, मेथी, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा असं बघत बघत शेवटच्या टोकाला गेलो, आणि नाकानं ओळख दिली. पोत्यावर बोंबलाच्या जुड्या, शेजारी झिंग्यांचा ढीग, आणि डोक्यावरून शाल घेऊन बसलेली एक बाई. चाळीस वर्षांपूर्वीही हे दुकान इथेच, बाजाराच्या टोकालाच असायचं. समुद्रापासून इतक्या लांब. अकोल्याहून मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, आणि अकोल्याहून आम्ही अजून आत.

आजीची आठवण आली.

आबा माळकरी. त्यांच्या चुलीवर मासमच्छी चढणं शक्यच नव्हतं. आजी माळ न घातलेली. मग परसात, गोठ्याच्या भिंतीला लागून, तीन दगडांची वेगळी चूल होती. थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ती पेटायची. निखाऱ्यावर बोंबील भाजायचा, पाट्यावर ठेचायचा, लसूण-मिरची आणि ज्वारीची भाकर. नाहीतर वांग्यात घालायचा. आबा त्या वेळी देवळात जायचे. तिनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. हे इथे लिहितोय ते सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण दोघंही आता नाहीत, आणि त्या दोघांच्या संसारातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे.

तर एकदा जुडी सोडताना आजीनं मला दोन बोंबील दाखवले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकलेला होता. म्हणाली, "पाह्य ना बापू. हे आपोआप नाही अडकत. कोनीतरी बसून एकेक अडकवलं असंन. कोन करत असंन रे हे, एवढ्या थंडीत?"

मी तेव्हा सातवीत होतो. मला काय माहीत? मी म्हटलं, मशीननं करत असतील. तिला ते काही पटलं नाही.

आजीचं माहेर दहीहंड्याच्या बाजूचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या गावाकडून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की विहिरींचं पाणी खारं होत जातं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. पाणी पिण्याच्या कामाचं नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. पण याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ करत. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे हे मीठ करणं बंद पाडलं गेलं. म्हणूनच १९३० च्या एप्रिलमध्ये, गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यावर, समुद्र नसलेल्या वऱ्हाडालाही मिठाचा सत्याग्रह करता आला. तो दहीहंड्याला झाला, विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर! शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही. आजीनं सांगितलं. आणि पुढे तिची एक टिप्पणी असायची, "खारं पानी आमच्या वावरात, अन् मासे समिंदरात. देवानं वाटन्या करतानी काहीतरी घोळ केला."

२००६ साली माझी बदली विरारला झाली. त्याच डिसेंबरात मी एक पराक्रम केला. आजीला ताजे बोंबील खाऊ घालायचे म्हणून अर्नाळ्याहून घेतले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला, रात्रीच्या गाडीनं अकोला आणि तिथून आमच्या मीटरगेजच्या पॅसेंजरनं हिवरखेड. (ती गाडी २०१७ मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाली. तिच्यावर एकदा वेगळं लिहीन.) घरी येऊन डबा उघडला तर आत बर्फाचं पाणी आणि त्यात लिबलिबीत लगदा. आता कळतं की बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. आजी पोट धरून हसली. म्हणाली, "म्हून तर वाळवतेत ना ते लोकं. तू त्याईले इचारलं काय, कोन अडकवते थे?"

नव्हतं विचारलं. अर्नाळा माझ्या खोलीपासून रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत होतं, आणि मी नव्हतं विचारलं. २००७ च्या दिवाळीनंतर आजी गेली. जानेवारी २००८ मध्ये मी अर्नाळ्याला गेलो, ते विचारायला.

आमच्या शाखेत एका कोळ्याचं खातं होतं. त्याच्या ओळखीनं, पौष पौर्णिमेच्या आसपास, एका होडीवर जायला मिळालं. नाखवा साठीचा होता. त्यानं माझ्या अंगातलं स्वेटर पाहिलं आणि काही न बोलता एक जुनं कांबळं दिलं. मला वाटलं, आम्ही सातपुड्याखालची माणसं, आम्हाला काय मुंबईची थंडी! (मुंबईत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ चं, ७.४ अंश. आमच्याकडे असे आकडे दर दोन-तीन वर्षांनी येतात.) पण किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेल्यावर माझी ती ऐट उतरली. कोरड्या अंगाची थंडी वेगळी आणि ओल्या हाताची वेगळी. जमिनीवरून वारा पाठीत घुसत होता आणि समोरून तुषार उडत होते.

तो वारा म्हणजे मतलई वारा. "खारे वारे, मतलई वारे" हे आपण सगळ्यांनी भूगोलात घोकलंय. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. परीक्षेत दोन गुण मिळायचे. पण इंजिनं येण्याआधी याच दोन गुणांवर कोळ्यांचं पोट चालायचं. पहाटेच्या अंधारात मतलई वाऱ्यावर शीड लावून बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. हिवाळ्यात जमीन रात्री जास्त गार होते, त्यामुळे मतलई जोरात असतो. म्हणजे ज्या थंडीत हात बधिर होतात, तीच थंडी होडी बाहेर घेऊन जाते.

बोंबील पकडतात ते डोल जाळ्यानं. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या जाळ्याचं वर्णन आहे आणि मूळ युक्ती अजूनही तीच आहे. डोल म्हणजे एक भलीमोठी लांबट पिशवी. तोंडाशी मोठी भोकं, शेपटाकडे बारीक होत जाणारी. ही पिशवी कोणी ओढत नाही. समुद्राच्या तळात लाकडाचे प्रचंड सोट ठोकलेले असतात, त्यांना तिचं तोंड बांधायचं, प्रवाहाच्या समोर. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि पाण्याबरोबर येणारी मासळी शेपटात जाऊन साठते. पाणी फिरायच्या आत जाळं उचलायचं, कारण प्रवाह उलटला की सगळं हातचं जातं. सोट ठोकण्याच्या या जागेला 'कव' म्हणतात. कुणाची कव कुठे, यावरून गावागावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद आहेत. आपल्याकडे धुऱ्यावरून होतात तसेच. समुद्रालाही धुरे असतात हे मला तिथे कळलं.

प्रवाहावरच सगळं अवलंबून, म्हणून डोलवाले घड्याळापेक्षा पंचांग जास्त पाहतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात, जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांग, पाण्याला ओढ नाही, जाळी रिकामी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे निघायची वेळही रोज बदलते. आम्ही गेलो तेव्हा मध्यरात्री भरती होऊन गेली होती आणि पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी संपणार होती. म्हणजे त्या एका घटकेला कवीवर हजर असायलाच हवं, मग थंडी असो की आणखी काही असो. आमचे गव्हाला पाणी देणारे लोक रात्रीच्या लाइटीची वाट बघत वावरात बसतात, त्यांची आठवण झाली. दोघांचीही वेळ दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली.

पाणी थांबलं. चार माणसांनी जाळ्याचं शेपूट वर ओढलं आणि होडीत मोकळं केलं. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, थोडी वाकटी. बॅटरीच्या उजेडात ताजा बोंबील गुलाबी-पांढरा, जवळजवळ आरपार दिसतो. मी एक उचलला आणि बोटाला चावा बसल्यासारखं झालं. बारीक बारीक, आत वळलेले दात. मरून पडलेला मासासुद्धा बोट सोडत नव्हता. नाखवा हसला आणि म्हणाला, "साहेब, हे दातच त्याला वलांडीवर टांगतात."

आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेलं किनाऱ्यावर मिळालं. दहाच्या सुमारास चढत्या भरतीबरोबर परत आलो, तेव्हा बायका टोपल्या घेऊन उभ्याच होत्या. पुरुषांचं काम तिथे संपतं आणि त्यांचं सुरू होतं. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, म्हणजे उभे बांबू रोवून त्यांना ओळीनं दोऱ्या ताणलेल्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा घालून किंचित पीळ द्यायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दात एकमेकांत अडकतात, वेगळा दोरा नको, टाचणी नको. मी एका मावशींचा हात बघत उभा राहिलो. एका जोडीला मला वाटतं दोन सेकंदही लागत नव्हते. हाताच्या बोटांना जागोजागी चिरा होत्या. मी विचारलं, थंडीत त्रास होत नाही का? म्हणाल्या, "थंडी आहे म्हणून तर सुकतात. थंडी गेली की आमचा धंदा गेला."

या वाक्यानं मला बरंच काही उलगडलं. पावसाळा संपला, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, की ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत बोंबलाचे मोठे थवे येतात. तोपर्यंत आकाश निरभ्र झालेलं असतं आणि उत्तरेकडचा कोरडा वारा सुटलेला असतो. त्या वाऱ्यात बोंबील दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतो. दहा किलो ओल्याचे जेमतेम दीड किलो सुके. हवा दमट असती तर तोच मासा सडला असता. आणि मुख्य म्हणजे त्याला मीठ लावावं लागत नाही!

याचं महत्त्व कळायला परत इंग्रजांच्या मिठाकडे यावं लागतं. मिठावरचा कर इतका जड होता की कोळ्याला मासे खारवणं परवडेना. फ्रान्सिस डे नावाच्या अधिकाऱ्यानं १८७३ साली हिंदुस्थानच्या समुद्री मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. मिठाच्या करामुळे मासळी नीट खारवली जात नाही आणि त्यात कोळ्याचं आणि खाणाऱ्याचंही नुकसान आहे, हे त्यात होतं. पुढे मद्रास आणि मुंबई इलाख्यांत सरकारी आवारं काढली गेली. तिथे आपली मासळी आणून, सरकारी देखरेखीखाली, बिनकराच्या मिठानं खारवायची. उत्तर कोकणातल्या बोंबलाला या सगळ्याची गरजच पडली नाही. त्याच्यासाठी मिठाचं काम ऊन आणि थंडीचा वारा करत होते, आणि वाऱ्यावर कर बसवायचं कुणाला सुचलं नाही.

मीठ तसंही कोकणातून घाटावर पूर्वीपासून यायचं, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. मग १८६७ साली रेल्वे भुसावळ-अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोचली. ती आली मुख्यतः आमच्या कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडावर पडली होती. गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या. पण गाडी येताना मोकळी थोडीच येते? ज्या मालाला बर्फ नको, मीठ नको, वजन नाही, आणि जो महिनोन्‌महिने टिकतो, तो आत शिरायला वेळ लागत नाही. ज्यांना रोजचं दूध-तूप परवडत नव्हतं अशा किती घरांत आठवड्याची एक भाजी या दोन-चार काड्यांनी झाली असेल. आमच्या परसातली चूल त्यातलीच एक.

हे सगळं मी आजीला सांगू शकलो नाही. असो.

त्या सकाळीच नाखव्यानं मला सांगितलं होतं की त्याचे वडील शिडाच्या होडीवर, सणाच्या सुताच्या जाळ्यांवर जात. त्याच्या हयातीत इंजिन आलं, नायलॉन आलं, बर्फ आला. बर्फ आला तसा ताज्या बोंबलाला मुंबईत भाव मिळू लागला, आणि वाळवायला कमी उरू लागला. तेव्हा त्याची तक्रार होती की होड्या वाढल्या, भोकं बारीक झाली, लहान मासळीच उपसली जाते. त्यानंतर तिथे आणखी बरंच घडलं. याच किनाऱ्यावर उत्तरेला, डहाणूजवळ, वाढवणच्या मोठ्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. आपल्या कवी, आपली मासळी जाईल म्हणून तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आलेत. बंदर हवं की नको यावर मी हिवरखेडात बसून निकाल देणार नाही. पण 'तिथे नुसतं तर पाणी आहे' असं कुणी म्हणालं की मला ते धुरे आठवतात. जमिनीवरच्या धुऱ्याचा निदान सातबारा असतो.

परवा बाजारात त्या बाईंकडून एक जुडी घेतली. माल कुठून येतो विचारलं. म्हणाल्या, "मंबईहून येते, अकोल्यातून उचलतो." त्यापुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्याआधी त्यांची सासू इथेच बसायची. मी म्हटलं, हे जबडे कोण अडकवतं माहीत आहे का? त्यांनी जुडी हातात घेऊन बघितली, जणू पहिल्यांदाच. मग मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं: पहाटेची ओहोटी, दात, वलांडी, त्या मावशींची चिरलेली बोटं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हंजे त्या बी बाया थंडीतच बसतेत म्हना की."

हो, म्हटलं. थंडीतच.

घरी आलो. बायकोनं नाक मुरडलं आणि जुडी परसात ठेवायला सांगितली. गोठा आता नाही, पण भिंत आहे. तीन दगड शोधावे लागले. बहुतेक तेच असावेत, एक बाजू अजून काळी आहे.

जाता जाता, आमच्या मोठ्या आत्याला विनंती. वांग्यात बोंबील घालताना आजी आधी भाजायची की कच्चाच घालायची, यावर आमच्यात मतभेद आहेत. हे वाचलंस तर फोन कर. झापायचं असेल तरी कर.